गडूतलं पाणी

आई, सध्या दर रविवारी मी उल्हासनगरला शिकायला जाते. शिकवायला नव्हे, शिकायला. पंचेचाळिशी ओलांडल्यावर पाठीला बॅग, हातात पाण्याची बाटली आणि खांद्यावरून सतत घसरणारी ओढणी, असं माझं ध्यान हेंद्रेपाड्यातून सकाळी निघतं. विद्यापीठाचा वर्षभराचा अभ्यासक्रम आहे, शाळेत गणित शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी. मी विज्ञानाची बाई, पण आमच्या मुख्याध्यापिकेला वेळापत्रक सुटसुटीत करायचं होतं आणि गणित माझ्या गळ्यात पडलं. वर्ग भरतो तो त्याच कॉलेजात, जिथे तू मला बी.एस्सी.ला घातलं होतंस. दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यात आमची मायक्रोबायोलॉजीची लॅब होती. तिथे आता कॉम्प्युटर आहेत. दाराचा हिरवा रंग मात्र तोच आहे, आणि त्या दारासमोरून जाताना मला अजून तो शिजवलेल्या जेलीचा वास येतो. मधे किती वर्षं गेली याची माझ्या नाकाला काही कल्पना नाही.

आम्हाला शिकवणारे सर माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान आहेत. आम्ही वीस-पंचवीस मास्तर-बाया त्यांच्यासमोर बाकांवर अवघडून बसतो आणि आमच्याच विद्यार्थ्यांसारखे मागे बसून शेंगा खातो. त्यांचं एक पालुपद आहे. "मॅडम, उत्तर चुकलं की लगेच फुली मारू नका. आधी विचारा, तू हे कसं काढलंस? आणि आकडा आला की विचारा, हा कशाच्या तुलनेत?" गेल्या महिन्यात त्यांनी दोन कामं दिली. एक, हातापायांनी मोजण्याचा पाठ आपापल्या वर्गात घेऊन बघायचा. दुसरं, मोजण्यात स्वतःची झालेली एखादी चूक दोन पानांत लिहायची, तेव्हा आपण कसा विचार केला होता आणि कोणाला विचारायला हवं होतं, ते सगळं. मी वही उघडली, तारीख टाकली, समास आखला, आणि पहिल्याच ओळीत 'आई' असं लिहून बसले. आता ते पान विद्यापीठाला कसं देणार?

तुझं सगळं मोजमाप हातातच होतं. अंबरनाथच्या कारखान्यांच्या मागच्या वस्तीतली ती एका खोलीची अंगणवाडी, तिथे तू मदतनीस होतीस. सेविका बाई रजिस्टर लिहायच्या, तू पोरं गोळा करायचीस, खिचडी शिजवायचीस, शेंबूड पुसायचीस. पोरं मोजायला तू अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायचीस, चार बोटांची बारा पेरं. बारा झाली की दुसऱ्या हाताचं एक पेर धरून ठेवायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. बाईंच्या रजिस्टरात आणि तुझ्या पेरांत फरक पडला तर बाई मुकाट्याने रजिस्टर खोडायच्या. परवा सरांनी बारा-बाराच्या गटांची मोजणी फळ्यावर मांडली तेव्हा मी एकटीच हसत होते. तांदूळ तू मुठीने घ्यायचीस, दोन पोरांमागे एक मूठ, मीठ चिमटीने, आणि अंगणवाडीच्या खिडकीचा पडदा वितीने मोजून शिवलेला. सरकारी वजनकाटा कपाटाखाली गंजत होता.

आणि भरवायचीस हाताने. दाराशी बसणारी एक अडीच-तीन वर्षांची मुलगी होती, तिची आई पॅकिंगच्या कामाला जायची. ती पोर दुसऱ्या कोणाच्या हातून खायची नाही. तू खिचडीचा लहान गोळा करून अंगठ्याने तिच्या तोंडात सरकवायचीस, आणि ती तुझ्या तोंडाकडे बघत चावायची. घरीसुद्धा तेच. मी कॉलेजला जाणारी घोडी झाले तरी जेवण संपताना तू तुझ्या ताटातला दहीभात कालवून शेवटचा घास माझ्या तोंडात घालायचीस. मी "आई, मी काय कुकुलं बाळ आहे का?" म्हणून कुरकुर करायचे, आणि तोंड उघडायचे.

मी अकरावी-बारावीला सायन्स घेतलं तेव्हा बाबांना फॅक्टरीत त्यांच्यासारखीच, पण खुर्चीत बसायची नोकरी माझ्यासाठी हवी होती. तुला काय हवं होतं ते तू सांगितलं नाहीस. पण मी पांढरा कोट आणला तेव्हा तू तो नीळ घालून धुतलास आणि वाळत घालताना दोरीवर मधोमध घातलास, सगळ्यांना दिसेल असा.

पहिल्या वर्षाचं ते प्रॅक्टिकल असं होतं. निर्जंतुक कापसाचे दोन बोळे, काडीला लावून बंद नळ्यांत ठेवलेले, आणि निर्जंतुक पाण्याची एक लहान बाटली, एवढं घरी न्यायचं. एक बोळा त्या पाण्यात भिजवून घरातल्या कोणाच्या तरी हातावर फिरवायचा. दुसरा नुसता भिजवायचा आणि कशालाही न लावता परत नळीत ठेवायचा. दुसऱ्या दिवशी दोन्ही बोळे दोन प्लेटींतल्या जेलीवर फिरवायचे आणि काय उगवतं ते बघायचं. कशालाही न लावलेल्या बोळ्याच्या प्लेटला म्हणायचं कंट्रोल. त्यावर काही उगवणं अपेक्षित नसतं.

शेअर रिक्षात माझ्या बाटलीचं झाकण सुटलं. घरी येऊन बघते तर बॅगेत जर्नल ओलं आणि बाटली रिकामी. माझा चेहरा पडला. तू भांडी घासत होतीस. "काय झालं गं?" म्हणालीस. मी रडकुंडीला येऊन सांगितलं, एकदम स्वच्छ पाणी पाहिजे, अजिबात काहीच नसलेलं, आणि आपल्याकडे नळाला गढूळ येतंय. पाणी उकळून गार करायचं हे मायक्रोबायोलॉजीच्या विद्यार्थिनीला सुचायला नको? आदल्याच महिन्यात त्यावर पाच मार्कांचा प्रश्न लिहून आले होते मी. पण परीक्षेतलं पाणी वेगळं आणि घरातलं वेगळं. तू हात पुसलेस, देव्हाऱ्याच्या मागे हात घातलास आणि गंगेचा गडू काढलास. आजीने काशीहून आणलेला, झाकण डाग देऊन पक्कं बंद केलेला तो तांब्याचा गडू. तो तू स्वतःसाठी ठेवला होतास. शेवटच्या घटकेला तोंडात घालायला. हे तू मला दर दिवाळीत घासताना सांगायचीस, मी लक्ष द्यायचे नाही.

"अगं, तो नको," मी म्हणाले, पण काही फार जोराने म्हणाले नाही.

"घे. ह्याच्यापरीस सोच्छ पानी न्हाय ह्या घरात." तू विळीच्या टोकाने झाकण उचकटत होतीस. "मला काय आत्ताच जायचंय व्हय? तवर दुसरा आणू."

तू वाटी घासून घेतलीस, त्यात पाणी ओतलंस. मी बोळे भिजवले. मग तू तुझा उजवा तळहात माझ्यासमोर धरलास. पुसून, थोडा लाजत, बांगड्या मागे सारून. भाजल्याचे डाग, अंगठ्याच्या बाजूला विळीची जुनी चीर. मी बोळा फिरवला तर तुला गुदगुल्या झाल्या. "हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय," म्हणालीस आणि हसलीस.

गुरुवारी प्लेटी निघाल्या. मॅडम त्या दिवशी नव्हत्या, सोमवारी तपासणार होत्या. तुझ्या हाताच्या प्लेटवर पांढरे-पिवळे ठिपके उगवले होते. मी ते काचेमागून पेनाने टिंबं देत मोजले, त्रेचाळीस. कंट्रोलची प्लेट मी उघडून नीट पाहिलीच नाही. तिच्यावर काही उगवत नसतं, असं पुस्तकात होतं ना. माझ्या अंगात नुसतं शहाणपण उतू चाललं होतं. घरी जायचं सोडून मी थेट अंगणवाडीत आले. तू त्या पोरीला भरवत बसली आहेस, सेविका बाई आणि दोन-तीन आया दारात उभ्या आहेत, आणि मी चप्पल काढता काढता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते, "आई, तुझ्या हातावर त्रेचाळीस कॉलनी निघाल्या."

"कॉलनी म्हंजी? आपल्या फॅक्टरीच्या कॉलनीवानी?"

"जंतूंच्या. एका ठिपक्यात लाखो जंतू असतात."

बाया हसल्या. सेविका बाई हसल्या नाहीत. तू हातातल्या घासाकडे पाहिलंस. मग हळूच विचारलंस, "म्हंजी ह्या पोरीला गेल्या हप्त्यात जुलाब झालं, ते माझ्यामुळं आसंल का गं?"

मी तेव्हा अठरा वर्षांची होते, आई. मला काही माहीत नव्हतं. त्वचेवर जंतू असतातच, सगळ्यांच्या, आणि त्यातले बहुतेक कोणाच्या वाटेला जात नाहीत, एवढंही डोक्यात नव्हतं. 'माहीत नाही' म्हणायचं. तेवढं तर सोपं होतं. मी म्हणाले, "असू शकतं."

तू तो घास ताटलीत परत ठेवलास. उठलीस, हात धुतलेस, साबणाने, दोनदा, आणि कपाटातून चमचा आणलास. पोरीने चमचा बघून तोंड फिरवलं. तू पुन्हा पुढे केलास, तिने पुन्हा फिरवलं. त्या दिवशी ती उपाशीच झोपली, जमिनीवर, तुझ्या पदराचं टोक धरून. त्या रात्री आपल्याकडे दहीभात होता. तू ताट पुसून घेतलंस आणि उठून गेलीस. मला वाटलं, विसरली असेल.

सोमवारी मॅडमनी माझ्या दोन्ही प्लेटी उजेडाकडे धरल्या. उल्हासनगरच्याच होत्या त्या, सिंधी, जाड काचांचा चष्मा, मराठी बोलता बोलता हिंदीत शिरायच्या. कंट्रोल त्यांनी माझ्यापुढे ठेवली. तिच्यावर जवळजवळ तितकेच ठिपके होते.

"हे बघ बेटा. हा स्वॅब तू कुणाच्या हाताला लावलाच नाही ना? तो इसपे ये सब किधर से आया? पाणी कुठलं घेतलं?"

मी सांगितलं. वर्ग खदखदला. मॅडमनी एकदा मागे पाहिलं आणि वर्ग गप्प झाला.

"माझ्या सासूकडे पण आहे गडू. वो पवित्र है, बेटा. स्टेराइल नहीं है. दोन्ही अलग गोष्टी." मग त्यांनी प्लेटीवरची चिठ्ठी वाचली. "आईचा हात आहे? घर जाके आई को बता, तिच्या हाताचा काही दोष नाही. आणि गुरुवारपर्यंत पुन्हा कर."

पाणी होतं, वाटी होती, की माझ्याच बोटांनी बोळ्याला कुठे स्पर्श झाला होता, देव जाणे. पण तुझा हात नव्हता, एवढं नक्की झालं होतं. घरी येईपर्यंत मी वाक्य जुळवत होते. घरी आले तर तू चमच्याने पीठ कालवत होतीस. चमच्याने, आई. तुला जमत नव्हतं, पीठ भांड्याबाहेर उडत होतं. आणि मला वाटलं, आता हिला काय सांगू? तुझा हात चांगला निघाला पण तुझी गंगा खराब निघाली, असं सांगू? ज्या पाण्यासाठी तू विळी चालवलीस, तेच? मी ठरवलं, उद्या सांगेन. हे झालं माझं चांगलं कारण. दुसरं कारण असं, की त्या चार दिवसांत तू मला दोनदा विचारलं होतंस, भांडी कशाने घासू, पोरांचे हात कसे धुवायचे. तू मला पहिल्यांदाच काहीतरी विचारत होतीस. मला ते फार आवडत होतं.

तो उद्या आलाच नाही. तुझ्या हातांना साबणाने भेगा पडल्या. मी व्हॅसलीनची डबी आणून दिली आणि वाटलं, झालं. दाराशी बसणारी ती मुलगी हळूहळू चमच्याने खायला शिकली. लहान मुलं शिकतात. मी मात्र त्यानंतर दहा वर्षं तुझ्यासमोर बसून जेवले आणि शेवटचा घास कधी आला नाही. मागितला असता तर तू दिला असतास, की "चमच्यानं देते" म्हणाली असतीस? माझ्यात विचारायचं धाडस नव्हतं. लग्नाच्या दिवशीसुद्धा तू मला पेढा भरवलास तो कागदात धरून.

तुझ्या आजारपणाबद्दल मी लिहिणार नव्हते, पण लिहावंच लागेल. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. दुपार होती. शेजारच्या काकू उशाशी बसल्या होत्या, म्हणाल्या, "गंगेचा गडू हाय ना गं घरात? काढून ठेव." मी देव्हाऱ्यामागे हात घातला. गडू होता. रिकामा, झाकण वाकडं झालेला, पण घासून लख्ख. दुसरा आपण कधी आणलाच नव्हता. मी तो परत मागे सरकवला. स्वयंपाकघरात जाऊन पाणी उकळलं, वीस मिनिटं, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे, गार केलं, आणि चमचा तुझ्या ओठांना लावला. तू तोंड फिरवलंस. मी पुन्हा लावला, तू पुन्हा फिरवलंस. काकू म्हणाल्या, "बोट बुडवून लाव, बाय." मला ते पटलं. पण माझे हात धुतलेले नव्हते. मी मोरीत गेले, साबण घेतला, बोटांच्या मधून, नखांच्या खालून, आम्ही मुलांना शिकवतो तसे धुतले. परत आले तेव्हा काकू उठून उभ्या राहिल्या होत्या.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. बाबांनाही नाही.

मागच्या मंगळवारी मी वर्गात तो मोजमापाचा पाठ घेतला. चौथीची मुलं. प्रत्येकाने आपल्या वितीने बाक मोजायचा. कोणाच्या सात विती भरल्या, कोणाच्या नऊ, दोघांनी "बाई, हा चीटिंग करतो" म्हणून भांडण काढलं. एका मुलीने विचारलं, "बाई, मग कोणाची वीत बरोबर?" सरांनी सांगितलेलं उत्तर माझ्याकडे तयार होतं, सगळ्यांची बरोबर, फक्त कोणाची ते सोबत लिहायचं. ते सांगायला मी माझ्या वितीने बाक मोजत गेले आणि शेवटच्या वितीला हात तसाच पसरून थांबले. अंगठ्याच्या बाजूला विळीची चीर नाही, बाकी तुझाच हात आहे. तीच रुंद बोटं, तेच चपटं नख. मुलं वाट बघत होती. ती मुलगी म्हणाली, "बाई, तुमच्या सहा भरल्या." मी म्हटलं, "लिही."

त्या दिवशी घरी दहीभात केला. हाताने कालवला. खूप वेळ कालवला. मीठ चिमटीने घातलं. चव तुझी आली नाही आणि मी लहान मुलीसारखी रडले, ताटासमोर बसून, एवढी मोठी बाई. मला तू हवी आहेस. तुझा शहाणा सल्ला वगैरे काही नको, तुझा हात हवा आहे, ओला, दह्याने बरबटलेला, माझ्या तोंडात अंगठ्याने घास सरकवणारा. इतकी वर्षं त्याची भूक तशीच राहिली आहे.

विद्यापीठाला मी दुसरंच लिहून दिलं. नववीत दशांशचिन्ह एक घर सरकवलं होतं त्याची गोष्ट, आखीव दोन पानं. सरांनी 'प्रामाणिक लेखन' असा शेरा मारला आहे. ही पानं वहीतच राहतील. कोणत्या पत्त्यावर टाकणार?

एक राहिलं. मॅडमनी गुरुवारपर्यंत पुन्हा करायला सांगितलं होतं, ते मी केलं. नवं पाणी, नवे बोळे. पण तुझ्यापुढे जाऊन "आई, हात दाखव" म्हणायची मला लाज वाटली. म्हणून तू नळावर गेली होतीस तेव्हा मी बोळा माझ्या हातावर फिरवला आणि नळीवर लिहिलं, आईचा हात. या वेळी कंट्रोल स्वच्छ निघाली. दुसऱ्या प्लेटवर एकसष्ट ठिपके आले. मॅडमनी सही केली. ते जर्नल अजून माझ्या कपाटात आहे, तुझ्या हाताच्या नावाने, आणि त्यातला प्रत्येक ठिपका माझा आहे. तुझ्या हाताचा खरा आकडा कधी निघालाच नाही, आई. मी तो मोजलाच नाही.